चुंबकाचं पाणी, केळीचा चीक

फेब्रुवारी आला की आमच्या प्रयोगशाळेच्या खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात. बारावीच्या प्रॅक्टिकलचे दिवस. अमोनियाची बाटली उघडली की पहिल्या टेबलावरच्या मुली ओढणी नाकाला लावतात, मागच्या मुली खोटंखोटं खोकतात, आणि खिडकीतून जी हवा आत येते तिच्याबरोबर पॉवरलूमची खटखटही येते. थंडी अर्धी गेलेली असते, ऊन अजून धीट झालेलं नसतं. सकाळी शाल, दुपारी पंखा. बुऱ्हाणपुरात सुखाचा म्हणावा असा हा एवढाच महिना. लोकांना या दिवसांत हरभऱ्याचे घाटे आठवतात, बोरं आठवतात, कुणाकुणाची लग्नं आठवतात. मला मेघना आठवते आणि पोटात दुखायला लागतं.

पोटात दुखतं म्हणजे काय, ते सरळच सांगते. मी तिच्यावर जळते. शाळेत एका टेबलावर शेजारी उभ्या राहायचो तेव्हा जळत होते, आता ती बंगळूरला आणि मी इथे, तरी जळते. मधे नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली, केसांना मेंदी लावायची वेळ आली. वय वाढलं की माणूस निवळतो असं म्हणतात. निवळत असेल. माझा गाळ नुसता तळाशी जाऊन बसतो. फेब्रुवारीत कुणीतरी काचेची कांडी फिरवतं आणि सगळं पुन्हा वर.

यंदाही तेच झालं. शेवटचं प्रॅक्टिकल संपलं, वह्यांवर सह्या झाल्या आणि मुली माझ्याभोवती जमल्या. "मॅडम, वो काँटेवाला करू ना आज. प्लीज ना मॅडम, मागच्या बॅचला तुम्ही दाखवलं होतं." काँटेवाला म्हणजे चुंबकीय द्रव. दिसायला जळक्या तेलासारखा काळा, बशीत घातला तर मुकाट पडून राहणारा. पण खालून चुंबक नेला की त्याच्या अंगावर काटे उभे राहतात. धोतऱ्याचं बोंड असतं ना, तसं. चुंबक सरकवला की काटे सरकतात, काढून घेतला की सगळं पुन्हा सपाट, जणू काही झालंच नाही. मुलींनी हे फोनवर कितीदा पाहिलेलं असतं, तरी स्वतःच्या बशीत उभं राहिलं की किंचाळतात. मी दर वर्षी त्यांना करू देते. सूचना मी देते, थेंब त्या टाकतात. मी हात लावत नाही. का लावत नाही, हे इतक्या वर्षांत एकाही मुलीने विचारलं नाही. मुलींना वाटतं, मॅडमनी खूपदा केलं असेल, आता कंटाळा येत असेल.

मॅडमनी एकदाच केलं होतं. आणि जे केलं होतं, ते चुंबकीय द्रव नव्हतंच.

आमच्या वेळी फोनवर पाहायची सोय नव्हती. महाजन सरांनी फळ्यावर चित्र काढलं होतं. सर आम्हाला अकरावीत रसायनशास्त्र शिकवायचे. उंच, किरकोळ, खिशात कायम खडूचा तुकडा, आणि मराठी-हिंदीची अशी भेळ करून बोलायचे की ऐकणाऱ्याला कुठली भाषा चाललीय याचा पत्ताच लागू नये. "असा पातळ पदार्थ," सर म्हणाले, "की चुंबक आणला तर उभा राहतो."

"पाणी उभं राहतं सर?" मागून कुणीतरी विचारलं.

"पाणी नाही. पण तू समज पाणी. चुंबकाचं पाणी." तेव्हापासून वर्गात त्याचं नाव चुंबकाचं पाणी.

सरांनी ते कुठल्याशा मासिकात वाचलं होतं आणि आमच्याकडून करून घ्यायचं मनावर घेतलं होतं. कारण साधं होतं. इंदूरला उन्हाळ्याच्या सुट्टीत विज्ञानाचं महिनाभराचं शिबिर व्हायचं आणि आमच्या शाळेतून एकाच मुलीचं नाव पाठवायचं होतं. "जिच्या बीकरमधलं उभं राहील तिचं नाव," सर म्हणाले. "मार्क नाही बघणार मी. हात बघणार."

मेघनाला त्या जागेची काय गरज होती, हे मला तेव्हाही कळलं नाही, आताही कळत नाही. तिच्या वडिलांचं चौकात कापडाचं दुकान. इंदूरला तिचे मामा, सुट्टीत ती जायचीच. कडक इस्त्रीचा पांढरा ॲप्रन, केसांत रोज वेगळी क्लिप. आरशात न बघता काजळ घालायची, बोट एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि रेघ अशी की कुणी पट्टी लावून काढावी. आणि स्वभाव? स्वभाव चांगला होता हो. तेच तर अवघड. डबा उघडला की पहिला घास माझ्यापुढे करायची, मला ताप आला तर माझ्या वाटच्या आकृत्या काढून द्यायची. तिच्यात एखादी तरी खोट सापडली असती तर माझं आयुष्य सोपं झालं असतं. मी शोधत होते. ती पाणी पिताना आवाज करायची, एवढंच हाती लागलं होतं.

मला मात्र त्या जागेची गरज होती. मी तापीकाठच्या गावातून बसने यायची. आमची केळीची बाग, थोडा कापूस. दहावीनंतर मला शहरात शिकू दिलं, हेच भावकीला जास्त वाटत होतं. पुढे इंदूरच्या कॉलेजात शिकायचं मी एकदा जेवताना दादांपुढे, म्हणजे माझ्या वडिलांपुढे, बोलून पाहिलं. दादा बराच वेळ भाकरी मोडत बसले. मग म्हणाले, "सरांनी नाव काढलं तं जाय इंदूरले. शिबिर बी कर आन् कॉलेज बी कर. मी आडवा येनार नही. पन तुह्या मनानं नही." म्हणजे सरांच्या तोंडून माझं नाव निघालं तर दार उघडं, नाही तर बंद. शेजारच्या बीकरमध्ये मेघनाची गंमत चालली होती आणि माझ्या बीकरमध्ये माझं अख्खं पुढचं आयुष्य होतं.

कृती सरांनी फळ्यावर लिहिली होती. लोखंडाचे दोन क्षार ठरल्या प्रमाणात मिसळायचे. गढूळ, तांबूस पाणी होतं. मग त्यात अमोनिया. "हळू," सर टेबलाटेबलामधून फिरत सांगायचे. "एक एक थेंब. ढवळत राहायचं. घाई नको करू बेटा, लग्नाची बस नाही सुटून राहिली." थेंबाथेंबाने ते पाणी काळं होत जाणार, काळं झालं की थांबायचं. पण नुसतं काळं होऊन भागत नाही. ते बारीक बारीक काळे कण एकमेकांना चिकटले तर चिखल होतो, आणि चिखल काही उभा राहत नाही. "म्हणून प्रत्येक कणाला अंगरखा घालायचा," सर म्हणाले. "असा घट्ट बसला पाहिजे की सुटता सुटणार नाही." त्यासाठी सरांकडे एका तेलकट ॲसिडची छोटी बाटली होती. तीत सगळ्या वर्गाला पुरेल न पुरेल इतकंच होतं, म्हणून ती सरांच्याच हातात. ज्या मुलीचं काळं होईल तिच्या बीकरमध्ये सर स्वतः थेंब टाकणार.

मी ती बाटली पाहिली आणि मला वाटलं, हा कसला अंगरखा? तेलच ते. साबण लावला की निघून जाईल.

न निघणारी गोष्ट काय असते ते मला माहीत होतं. केळीच्या मुलखात वाढलेल्या कुणालाही माहीत असतं. केळीचा खांब कापला की चीक ठिबकतो. पाण्यासारखा असतो, अगदी निर्मळ, हातावर पडला तर कळतही नाही. पण कपड्यावर वाळला की काळपट तांबडा डाग पडतो, आणि तो कशाने जात नाही. सोडा नाही, लिंबू नाही, ऊन नाही. बागेत जायचे कपडे म्हणून आमच्याकडे वेगळेच असतात. दादांचा एक सदरा होता, मुळात तो पांढरा होता हे फक्त आईला आठवत होतं. कपडा फाटेल पण चिकाचा डाग सुटणार नाही. सुटता न सुटणारा अंगरखा हवा ना सरांना? मग याच्याहून घट्ट दुसरा कोणता?

दुसऱ्या दिवशी पहाटे बागेत जाऊन मी एका खांबाला विळ्याने चीर दिली आणि खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली खाली धरली. बागेत ओल असते, पायाखाली वाळकी पानं चुरचुरतात, त्यांच्यावर दव. चीक थेंब थेंब पडत होता. दादा पाण्याचा दंड धरत होते, त्यांनी लांबूनच विचारलं, "काय करून राहिली ओ माय?"

"प्रयोग, दादा."

"खांबाले कायले कापलं मंग?"

"इंदूरसाठी," मी म्हणाले. दादा पुन्हा पाण्याकडे वळले. एक खांब त्यांनी मला माफ केला.

त्या दिवसाचं ऊन मला अजून आठवतं. काचेच्या नळ्यांवर पडून ते छताला लागायचं आणि हलायचं. मेघना माझ्या डाव्या हाताला. तिने अमोनिया टाकायला सुरुवात केली होती. एक थेंब, कांडी फिरव, दुसरा थेंब, कांडी फिरव. जीभ किंचित बाहेर, डोळे बीकरमध्ये. तिचं पाणी अजून तांबूसच होतं. मी ओढणीआडून बाटली काढली आणि माझ्या बीकरमध्ये चीक ओतला. जन्माच्या आधीच अंगडं शिवून ठेवावं, तसं.

आणि काय सांगू! अमोनियाला हात लावायच्या आधीच ते काळं व्हायला लागलं. कडेने हिरवट, मग निळसर, मग काळं. असं काळं की बीकरमागे धरलेलं बोट दिसेना. मेघनाचं अजून चहासारखं आणि माझं काजळ. काळं झालं की थांबायचं असं सरच म्हणाले होते. मी थांबले. हात वर केला. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"सर, माझं झालं!"

सगळ्या मुली वळल्या. मेघनाही वळली. तिच्या तोंडावर मी जे पाहिलं, त्यासाठी मी आणखी दहा खांब कापले असते. नुसतं आश्चर्य होतं ते, पण मी त्याला जळफळाट समजले, आणि ते दोन क्षण मी फार सुखात होते.

सर आले. त्यांच्याकडे जुन्या लाऊडस्पीकरमधून काढलेला गोल चुंबक होता. त्यांनी तो बीकरच्या बुडाला लावला. काही झालं नाही. कडेला लावला. काही झालं नाही. उलटा करून लावला. माझं काळं पाणी त्या चुंबकाकडे ढुंकून बघेना.

"अमोनिया किती टाकला?"

"नाही टाकला सर. आधीच काळं झालं."

"आधीच?" सरांनी बीकर नाकाजवळ नेलं. "काय टाकलंस यात?"

मी रिकामी बाटली ओढणीआड सरकवली.

"अगं बोल ना, मारून नाही राहिलो तुला."

"चीक," मी म्हणाले. "केळीचा चीक, सर. अंगरखा म्हणून."

सर आधी माझ्याकडे बघत राहिले. मग खाली स्टुलावर बसले आणि हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. त्यांनी खिशातून काडेपेटीची काडी काढली, माझ्या बीकरमध्ये बुडवली आणि गाळणकागदावर भराभर एक केळं काढलं. सुरेख, वाकडं, देठासकट. "ही शाई आहे बेटा," ते म्हणाले. "एक नंबर शाई. लोखंड आणि झाडाचा तुरटपणा एकत्र आला की शाई होते. जुन्या लोकांनी अशाच शाईने लिहिलं. पण ही उभी नाही राहायची." सगळा वर्ग हसला. तेव्हापासून वर्ष संपेपर्यंत मी केळीवाली.

हसणं थांबायच्या आत मेघनाचं काळं झालं. सरांनी आपल्या बाटलीतले थेंब टाकले, तापवलं, वरचं पाणी ओतून टाकलं, थोडं रॉकेल घातलं, सगळं बशीत घेतलं आणि बशीखाली चुंबक धरला. आधी नुसता फुगवटा आला. मग त्या फुगवट्यावर बारीक पुटकुळ्या. मग एकदम सगळे काटे उभे. चकचकीत, काळे, टोकदार. उन्हाचा कवडसा प्रत्येक टोकावर वेगळा. मी सगळ्यात जवळ होते, सगळ्यात नीट मला दिसलं. सुंदर होतं. कुरूप असतं तर मी विसरले तरी असते.

"ए मने, बघ ना," मेघना माझा हात ओढत म्हणाली, "कसं उभं राहिलं!" तिला खरंच वाटत होतं की मला आनंद होईल.

आणि सर म्हणाले, "मेघना, हात स्थिर आहे तुझा."

बस, एवढंच. पण मला ते वाक्य हवं होतं. जागा हवी होती, इंदूर हवं होतं, सगळं खरं, पण त्या क्षणी विचाराल तर ते चार शब्द हवे होते, आणि ते शेजारच्या टेबलाच्या कडेला येऊन थांबले होते.

तिचं नाव गेलं. तिच्या वडिलांनी शाळेत मावा जिलेबी वाटली, ती आपली जाड, काळपट, पाकाने जड झालेली. मला आशा होती की ती घशाखाली उतरणार नाही. उतरली. चांगली होती, मी दुसरीही घेतली. घरी दादांनी माझी काळी बोटं पाहिली आणि म्हणाले, "बागेत काम करून आली काय?" मग माझं तोंड पाहून पुढचं विचारलं नाही. सरांनी नाव काढलं नाही, हे त्यांना बोटांवरूनच कळलं असावं. शाईचा तो डाग माझ्या नखांच्या कडांना कितीतरी दिवस होता.

मग ज्याचं त्याचं होत गेलं. मेघना शिबिरातून आली ती वेगळीच होऊन, बोलण्यात नवीन शब्द, चालण्यात घाई. ती इंदूरला कॉलेजात गेली, तिथून पुढे, तिथून आणखी पुढे. आता बंगळूरला एका मोठ्या प्रयोगशाळेत आहे. मी इथेच बी.एस्सी. केलं, घरून अभ्यास करून एम.एस्सी. केलं, मास्तरीण झाले. पहिली नेमणूक डोईफोडिया या खेड्यात. तिथे या दिवसांत शाळेमागच्या रानात पळस पेटलेला असायचा. मुलांना ते चुंबकाचं पाणी पहिल्यांदा मी तिथेच करायला लावलं आणि स्वतः खिडकीशी उभी राहून पळस बघत बसले. माझ्या हातून उभं राहिलं नाही तर, ही भीती होतीच. पण खरी भीती दुसरी होती. राहिलं तर? इतकं सोपं निघालं तर? मग एवढी वर्षं मी जळले ते कशावर?

मला हेव्याबद्दल एक गोष्ट कळली आहे. जी माणसं लांब असतात त्यांचा हेवा वाटत नाही. राणीचा वाटत नाही, नटीचा वाटत नाही. हेवा शेजारच्या टेबलाचा असतो. जिथे कोपराला कोपर लागतं, जिथे थोडं इकडचं तिकडे झालं असतं तर ते आपलंच होतं, तिथे तो वाटतो. आणि तो प्रेमासारखाच चिवट असतो. मेघनाची प्रत्येक बातमी मला पाठ आहे. तिच्या मुलाचा वाढदिवस माझ्या नवऱ्याला माहीत आहे. ती दर रविवारी फोन करते आणि मी दर रविवारी फोनची वाट बघते, कारण ती आणखी काय मिळवून बसली हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

या महिन्यात असाच रविवारी फोन आला. "मने, ऐकलंस का? महाजन सर परत आलेत म्हणे बुऱ्हाणपूरला." सर बरीच वर्षं मुलाकडे सुरतेला होते. "मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मला आत्ता सुट्टी नाही मिळत ग. तू जाऊन ये ना माझ्या वतीने. माझ्याकडून जिलेबी ने."

माझ्या वतीने. माझ्याकडून. गावात मी राहते, पायी जाण्यासारखं सरांचं घर, आणि मी जायचं ते मेघनाची जिलेबी पोचवायला. "बघते," मी म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

दुसऱ्या दिवशी मुली गेल्यावर मी प्रयोगशाळेत थांबले. दुपार होती. पंखा बंद केला, खिडक्या उघडल्या. मुलींच्या प्रयोगातलं सगळं उरलेलं होतंच. क्षार मिसळले. तांबूस पाणी तयार झालं. उजव्या हातातल्या ड्रॉपरमध्ये अमोनिया घेतला. मी डाव्या हाताने मनगट धरलं. बाहेर पॉवरलूम चालू होते. खट-खट, खट-खट. मी त्या तालावर थेंब सोडायला लागले. जन्मभर ज्या आवाजाने माझं डोकं उठवलं, त्याने त्या दिवशी माझा हात धरला. थेंब, कांडी, थेंब, कांडी. रंग सावकाश मळत गेला, मातकट, मग हिरवट, मग काळा. चिकासारखा घाईने नाही, आपल्या चालीने आला. अंगरख्याचे थेंब टाकले, तापवलं, ओतलं, निथळलं. बशी घेतली. खाली चुंबक धरला.

उभं राहिलं.

मी कितीतरी वेळ चुंबक हलवत बसले. काटे माझ्यामागे फिरत होते. मग कुणाला तरी दाखवावं म्हणून मान वर केली, तर डाव्या हाताचं टेबल रिकामं. एवढ्या आनंदात मला तिचाच राग आला, की ती इथे नाही. आणि पाठोपाठ मनात आलं, तिचे काटे याहून उंच होते का?

जिलेबी नेली नाही. बाटलीत माझं चुंबकाचं पाणी भरलं, पर्समध्ये चुंबक टाकला आणि सिंधीपुऱ्यात सरांच्या घरी गेले. सरांबरोबर सुरतेहून आलेल्या सुनेने दार उघडलं. "बाबा, तुमच्या शाळेतल्या कुणीतरी आल्यात." सर खिडकीशी आरामखुर्चीत होते, डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा. पाया पडले, नाव सांगायच्या आधी बाटली त्यांच्या हातात दिली. "सर, आधी हे बघा." मला वाटलं होतं, आधी हे बघतील, मग मी नाव सांगेन. किती वेळा तो प्रसंग मी वाटेत मनातल्या मनात रंगवला होता.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला, बाटली उजेडात धरली. मी काचेला चुंबक लावला. काटे उभे राहिले. त्यांनी बाटली हळूच फिरवली, पुन्हा फिरवली.

"मेघना," ते म्हणाले. "आलीस का बेटा?"

मी तोंड उघडलं. "सर, मी—"

"हात अजून स्थिर आहे तुझा," सर म्हणाले. "असे बारीक काटे घाई करणाऱ्याचे नाही येत."

तेच वाक्य. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली, ते आलं आणि तिचं नाव घालून आलं. मी खरं सांगितलं असतं तर ते परत गेलं असतं. सर म्हणाले असते, अरे, माफ कर हं, आणि मग माझं म्हणून काहीतरी नवं, छोटं, सावरून घेतलेलं बोलले असते. मला ते नको होतं. मला हे हवं होतं.

"हो सर," मी म्हणाले. "बरी आहे. बंगळूरला असते."

चहा आला. सर खुशीत होते. "आणि तुझ्या शेजारी ती एक पोरगी होती ना," ते एकदम म्हणाले, "केळीवाली." आणि त्यांचे खांदे हलायला लागले, अगदी तसेच. हसता हसता त्यांना ठसका लागला, सुनेने पाणी दिलं. "चीक टाकला होता तिने! मी म्हटलं अंगरखा घाला, तर तुम्ही सगळ्या माझ्या बाटलीची वाट बघत बसल्या. ती एकटी घरी जाऊन शोधून आली. शाळेत एवढी वर्षं शिकवलं, पण असं कुणी नाही केलं. आणि तिचा काळा तुझ्यापेक्षा काळा होता, हां मेघना. वाईट नको वाटून घेऊ."

"नाही सर."

"नाव काय होतं ग तिचं?" सर छताकडे बघत राहिले. मीही कप हातात धरून वाट बघत राहिले. "नाही आठवत. काय करते ती आता?"

"इथेच असते सर. शाळेत शिकवते."

"काय शिकवते?"

"केमिस्ट्री."

"अरे वा!" सरांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "केमिस्ट्री! मग गावात असून ती का नाही येत मला भेटायला? तू एवढ्या लांबून आलीस. तिला सांग, सर वाट बघून राहिले म्हणून. मला बघायचंय तिला."

त्यांचा चेहरा असा उजळला होता, की मेघना म्हणून समोर बसलेल्या मला त्या केळीवालीचा जबरदस्त हेवा वाटला. स्थिर हाताला सरांनी शाबासकी दिली होती. पण वाट ते तिची बघत होते.

"सांगते सर," मी म्हणाले.

रविवारी मेघनाचा फोन आला. गेलीस का, सर कसे दिसतात, जिलेबी आवडली का. मी म्हटलं, सर छान आहेत, जिलेबी नेली नाही, साखर असेल म्हणून.

"माझी आठवण काढली का ग?"

"काढली."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मनीचा काळा रंग मेघनापेक्षा काळा होता."

"असं म्हणाले?" ती म्हणाली. "आणि माझं? माझं काहीच नाही?" तिच्या आवाजात काहीतरी बारीक टोचल्यासारखं होतं. माझ्याइतकं ओळखीचं ते दुसऱ्या कुणाला असणार? मला तिची दया आली, आणि खूप बरंही वाटलं.

"नाही ग, तेवढंच," मी म्हणाले. हाताचं सांगितलं नाही. ते माझ्याकडे राहू दे.

येत्या रविवारी केळीवाली सरांकडे जाणार आहे. बागेत आता भाऊ असतो, त्याला एक खांब राखून ठेवायला सांगितलाय. खोकल्याच्या औषधाची बाटली धुऊन उन्हात ठेवली आहे. आणि जाताना चौकातून मावा जिलेबी घेणार आहे, माझ्याकडून.